भुलीतले तिसरे औषध

ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल आपण 'त्याला भूल दिली होती' एवढेच सांगतो. पण पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नव्हे. एक झोप आणते, दुसरे वेदना थांबवते आणि तिसरे स्नायू सैल करते. या तिसऱ्याने झोपही येत नाही आणि दुखणेही थांबत नाही. उलट श्वासाचे स्नायूसुद्धा निपचित पडतात. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून रोग्याला बाहेरून श्वास द्यावा लागतो.

याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाणावरील विषात, 'क्युरारे'त आहे. १९४२ साली मॉन्ट्रियलला डॉ. ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी ते ऑपरेशनमध्ये वापरले आणि मग त्याचा प्रसार झाला.

आजची औषधे दोन तऱ्हेची आहेत. व्हेक्युरोनियम, अॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही मज्जातंतूचा निरोप स्नायूच्या दारातच अडवतात. व्हेक्युरोनियम दोन-तीन मिनिटांत लागू पडते, अर्धा-पाऊण तास टिकते. ते शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः यकृत करते. अॅट्राक्युरियम मात्र रक्तात बरेचसे आपोआप विघटित होते. यकृत वा मूत्रपिंड अधू असलेल्या रोग्याला ते सोयीचे, ही मला त्यातली मोठीच युक्ती वाटते. रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत मिनिटाभरात काम करते.

सक्सामेथोनियमची तऱ्हा निराळी. डॉक्टर मंडळी त्याला 'स्कोलीन' म्हणतात. ते खोटा निरोप देते. स्नायू आधी थरथरतात, मग सैल पडतात. मिनिटाच्या आत परिणाम आणि पाच-दहा मिनिटांत उतार! पोट भरलेल्या अपघातग्रस्ताला तातडीने नळी घालताना हाच वेग उपयोगी पडतो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते, ते वेगळे.

आता आपल्या निफाडचा संबंध. स्कोलीन इतक्या लवकर उतरते ते रक्तातील कोलिनएस्टरेज नावाच्या विकरामुळे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. माझे वडील द्राक्षबागेत फवारणी करतात. औषधाच्या वासाने डोके धरते, एवढेच आमच्या घरी ठाऊक होते. अशी औषधे अंगात भिनलेल्या माणसाला स्कोलीन दिले तर दहा मिनिटांचा परिणाम कितीतरी लांबतो आणि तोवर त्याला झोपेत ठेवून यंत्राने श्वास द्यावा लागतो. काहींच्या रक्तात हे विकर जन्मतःच कमी असते. दक्षिणेतील आर्य वैश्य समाजात असे अधिक आढळले आहे. 'घरात कोणाला भुलीनंतर श्वास परत यायला उशीर झाला होता का?' असे भूलतज्ज्ञ विचारतात ते यासाठीच. बागेत काम करणाऱ्याने त्यांना कोणते औषध फवारले आणि केव्हा, हेही आपण होऊन सांगावे.