आकड्यांवर चालणारा विजेचा झोत

संगणकाचे नाव निघाले की कामगारांच्या सभेत पहिला प्रश्न येतो, "मग आमचे हात कशाला?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण यंत्राचे पोट उघडून पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

प्लाझ्मा यंत्रात टॉर्चच्या अरुंद तोटीतून दाबाची हवा सोडतात आणि आतला इलेक्ट्रोड व पत्रा यांमध्ये विजेची कमान पेटवितात. हवा हजारो अंश तापून वीज वाहू लागते. पोलाद वितळते आणि झोत ते खाली उडवितो. ही युक्ती अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात निघाली. आकड्यांनी चालणारे यंत्र एम.आय.टी.ने १९५२ साली दाखविले. आता दोन्हींची जोड घरच्या पडवीतही बसते.

डाळजसारख्या गावी ट्रॉलीचे भाग कापणाऱ्या वेल्डरला यातले बरेचसे परके नाही. चौकट व रूळ तोच जोडील. नवी वस्तू म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर. ती एका फेऱ्यात २०० पावले टाकते. स्क्रू फेऱ्यामागे ५ मि.मी. सरकत असेल, तर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. पावले मोजणारी लिनक्स-सीएनसी ही आज्ञावली फुकट मिळते.

खरी मेख उंचीत आहे. पत्रा तापला की फुगून वर येतो. टॉर्च व पत्रा यांतील अंतर वाढले की कमानीचा व्होल्टेजही वाढतो. तो वाचून यंत्र टॉर्च खाली घेते. मुरलेला कारागीर हेच आवाजावरून ओळखतो. कापाची रुंदी जमेस धरून टॉर्च रेषेच्या बाहेर किती ठेवावयाचा, हेही त्याला ठाऊक असते. ते ज्ञान आकड्यांत घालावयास तोच लागतो, म्हणून आमचा आग्रह असा की यंत्र बांधतानाच त्याला सोबत घ्यावे. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये काढलेल्या विज्ञान आश्रमात मुले हातांनी काम करीतच शिकतात. २००२ मध्ये तेथे एम.आय.टी.च्या साहाय्याने फॅब लॅबही निघाली.

घरी बांधणारे जिवाची काळजी मात्र शेवटी घेतात! काळी काच, पक्के अर्थिंग, धूर ओढणारा पंखा हे आधी हवे. जस्ताच्या पत्र्याच्या धुराने ताप भरतो. आणि थांबविण्याचे लाल बटण पडद्यावर ठेवून भागत नाही. संगणक अडकला तरी वीज तोडील असे ते स्वतंत्र तारेने जोडावे, चालविणाऱ्याच्या हाताशी.