मंडक, क्षीरप्रकार आणि पनीरपाव : पाककृतीच्या इतिहासाचे वाचन

प्रास्ताविक

पनीर वा चीज घालून भाजलेला खारा पाव आता तालुक्याच्या गावीही अपरिचित राहिलेला नाही. त्याच्या उगमाविषयी मात्र दोन टोकांची विधाने ऐकू येतात. पाव आणि दूध फाडण्याची क्रिया या दोन्ही गोष्टी पोर्तुगिजांनी आणल्या, असे एक पक्ष म्हणतो. तर असे सर्व पदार्थ आपल्या प्राचीन ग्रंथांत आहेतच, असे दुसरा. या विधानांची परीक्षा करण्यास उपयुक्त असा ग्रंथ आपल्याच परिसरात रचला गेला. औशाच्या आग्नेयेस असलेले बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. 1129 च्या सुमारास सिद्ध झाला. प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच विंशतींपैकी तिसऱ्या विंशतीत ‘अन्नभोग’ हे प्रकरण येते.

मंडक

सोमेश्वराचा मंडक म्हणजेच आपला मांडा. गहू धुऊन उन्हात वाळवावा, दळून चाळावा, पिठात तूप व मीठ घालून मळावे, गोळा हातावर पसरवून तापलेल्या खापरावर भाजावा, असा त्याचा विधी आहे. निखाऱ्यावर भाजावयाची अंगारपोलिकाही तेथे आहे. खानदेशातील खापरावरचे मांडे पाहिलेल्यास हे वर्णन परके वाटणार नाही. मात्र यात आंबवण नाही आणि बंद भट्टीही नाही. पाव फुगतो तो यीस्टने निर्माण केलेला वायू गव्हातील ग्लुटेनच्या जाळ्यात अडकून राहिल्यामुळे. म्हणून मंडकाला पावाचा पूर्वज ठरविणे म्हणजे केवळ धान्याच्या साम्यावरून नाते जोडणे होय. (ज्वारीत ग्लुटेन नाही, भाकरीचे पीठ उकळत्या पाण्याने चिकट करून घ्यावे लागते, ते याचमुळे.)

क्षीरप्रकार

याच प्रकरणातील क्षीरप्रकार मात्र पहिल्या पक्षास अडचणीत आणतो. तापविलेल्या दुधात आंबट ताक घालून ते फाडावे, फडक्यातून गाळून पाणी काढावे, उरलेल्या चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून त्याचे आकार करावेत, तुपात तळावेत आणि साखरेत घालावेत, असे हे वर्णन आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला तो 1498 मध्ये. म्हणजे त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी दख्खनमध्ये दूध हेतुपुरस्सर फाडले जात होते. पोर्तुगिजांचे श्रेय गोव्यातील पावाच्या बाबतीत निर्विवाद आहे. तेथील पोदेर पूर्वी ताडीने पीठ आंबवीत. दूध फाडण्याच्या बाबतीत मात्र ते श्रेय असे सरसकट देता येत नाही.

दुसऱ्या पक्षानेही येथे थांबावे. सोमेश्वराचा चोथा गोड पदार्थात जातो. मंडकाशी त्याची गाठ पडत नाही. शिवाय तो चीज नव्हे. आम्लाने फाडलेल्या दुधातील केसिन सुमारे 4.6 सामूला गोळा होते आणि त्यातील बरेचसे कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून पनीर आचेवर वितळत नाही, त्याचा तुकडा तुकडाच राहतो. रेनेटने विरजलेल्या चीजमध्ये कॅल्शियम टिकून राहते, त्यामुळे ते वितळून पावात पसरते. आणखी एक मर्यादा आहे. अन्नभोग हा राजाच्या ताटाचा वृत्तांत असून त्यावरून प्रजेच्या चुलीविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. धान्य कांडताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथात आहे. परंतु ती गीताच्या प्रकरणात, अन्नाच्या नव्हे.

मापाचा प्रश्न

पाककृती जे सांगत नाही, ते तिच्या वाचकास ठाऊक होते असे समजून ती वाचावी लागते. राजाच्या सुपकाराला मीठ किती, हे सांगण्याचे कारण नव्हते. मुद्रणानंतर वाचक बदलला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ (1875), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (1910) आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (1970) या क्रमात सासू-आईजवळ शिकण्याची संधी नसलेली गृहिणी हळूहळू केंद्रस्थानी येते. ‘रुचिरा’तील वाटी-चमच्याचे माप तिच्यासाठीच आहे.

आजची पनीरपावाची कृती आकड्यांनी भरलेली असते : 500 ग्रॅम मैदा, 300 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ, 7 ग्रॅम सुके यीस्ट, 200 ग्रॅम पनीर, पीठ दुप्पट फुगल्यावर 200 अंश सेल्सिअसला 30 ते 35 मिनिटे. वरवर पाहता येथे काहीच अध्याहृत नाही. परंतु हे आकडे गिरणीबंद मैदा गृहीत धरतात. गावच्या चक्कीवर दळलेली कणीक कोंड्यामुळे अधिक पाणी शोषते. तेवढ्याच पाण्यात मळलेला गोळा घट्ट राहतो आणि पाव पुरेसा फुगत नाही. ओलसर पनीर उलट पाणी सोडते, म्हणून ते आधी दाबून कोरडे करावे लागते. फडक्यात बांधून पाणी काढण्याची सूचना सोमेश्वराने दिली आहे. पाकिटातील पनीर गृहीत धरणाऱ्या कृतींत ती बहुधा गळालेली असते.