टायर रुंद, विचार अरुंद

टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही बातमी आता शिळी झाली. तिने दाखवलेला मोह मात्र ताजा आहे. पूर्वी करासकट ६,४०० रुपयांना पडणारा टायर नव्या दराने ५,९०० ला पडतो, म्हणजे चार टायरमागे दोन हजार वाचतात. गाडीबरोबर आलेल्या टायरवर ज्यांचा पहिल्यापासूनच राग आहे, त्यांना एवढं निमित्त पुरे होतं. तक्रारीही ठरलेल्या असतात: पावसात ब्रेक दाबला की गाडी सरकते, काँक्रीटच्या रस्त्यावर टायर घोंघावतात, खड्ड्यात आपटला की साइडवॉलला फुगा येतो, आणि बघता बघता टायर गोटा होतो. दुकानात मिळणारा सल्लाही तितकाच ठरलेला. ‘साहेब, एक साइझ मोठा टाका, गाडी जमिनीला चिकटून चालेल.’ वाचलेले दोन हजार आणि वर आणखी चार हजार अशा रीतीने रुंदीत जातात. माझ्या मते हा या खरेदीतला सगळ्यात वाईट सौदा आहे. आपल्याकडच्या मोटारमालकाला कमी पडते ती ओल्या रस्त्यावरची पकड, आणि रुंदी वाढवून ती मिळेलच असं नाही. कधीकधी आहे तीही जाते.

मुळात कारखान्यातून येणारा टायर तसा का असतो, हे पाहिलं पाहिजे. तो तुम्ही निवडलेला नसतो, गाडीच्या कंपनीने निवडलेला असतो, आणि तिची गरज तुमच्या गरजेहून वेगळी असते. २०२२-२३ पासून आपल्याकडे कंपनीने विकलेल्या सगळ्या मोटारींची कार्बन डायऑक्साइडची सरासरी दर किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास राखण्याचं बंधन आहे. एकेक ग्रॅम वाचवायला इंजिनियर इंजिनात, गिअरबॉक्समध्ये, पत्र्याच्या वजनात डोकं खुपसून बसतात. टायर ही त्यातली तुलनेने स्वस्त जागा. फिरताना रबर दबतं, सुटतं, गरम होतं, आणि त्या उष्णतेत इंधन वाया जातं. कमी गरम होणारं रबर वापरलं, नक्षीची खोली थोडी कमी ठेवली, की मायलेजचा आकडा सुधारतो. अमेरिकेत हेच आधी घडलं. तिथल्या नॅशनल अकॅडमीजच्या २००६ मधल्या अहवालात नोंद आहे की नव्या गाडीबरोबर येणारे टायर हे नंतर बाजारातून घेतलेल्या टायरपेक्षा साधारणपणे कमी अडखळत धावतात, कारण गाडी कंपन्यांवर इंधनाच्या मानकांचा दाब असतो आणि टायर दुकानदारावर तो नसतो. कॅलिफोर्नियाने तर २००३ मध्येच, बदली टायरही मूळ टायरइतकेच काटकसरी असावेत म्हणून कायदा केला होता. आपल्याकडे त्या दाबाला गिऱ्हाइकाचीही साथ आहे. शोरूममध्ये ‘किती देते?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘पावसात किती मीटरवर थांबते?’ हे विचारणारा गिऱ्हाईक विक्रेत्याला क्वचितच भेटत असेल.

अडचण अशी की रबर ज्या गुणाने ऊर्जा खातं, त्याच गुणाने ते ओल्या डांबराला धरून राहतं. सहज धावणं, ओल्यावरची पकड आणि टिकाऊपणा या तिन्ही गोष्टी एकाच रबरातून काढताना एक ओढली की दुसरी सुटते, हे टायरवाल्यांचं जुनं दुखणं. १९९२ मध्ये मिशलिनने काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका मिसळलेला ‘ग्रीन’ टायर आणला आणि ही गाठ बरीच सैल झाली. सुटली मात्र नाही. शिवाय चांगलं मिश्रण महाग पडतं, आणि लाखांच्या संख्येने टायर घेणारी गाडी कंपनी भावात घासाघीस करणारच. त्यामुळे एकाच नावाचा आणि एकाच मापाचा टायर कारखान्यासाठी वेगळा आणि दुकानासाठी वेगळा असू शकतो. जर्मन गाड्यांच्या टायरवर बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, पोर्शेसाठी ‘एन’ अशी खूण तरी असते. स्वस्त गाड्यांच्या मालकाला अशी खूण सहसा मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शहाण्या माणसांचा. कंपनीच्या इंजिनियरांनी हजारो किलोमीटर चाचण्या करून टायर ठरवलेला असताना आपण कोण लागून गेलो? आक्षेप अर्धा खरा आहे. टायरचं माप, भार पेलण्याचा आकडा, वेगाचं अक्षर आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा, या चार गोष्टी त्यांनी गाडीच्या वजनावरून आणि सस्पेन्शनवरून ठरवलेल्या असतात, त्यांना हात लावू नये. ८२ चा टायर ४७५ किलो पेलतो आणि ९१ चा ६१५. दुकानात शिल्लक आहे म्हणून कमी आकड्याचा टायर घेणं हा मूर्खपणा आहे. पण इंजिनियरांचा निर्णयही तडजोडच असतो. फोर्ड एक्सप्लोरर गाडीचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले, त्या प्रकरणात अमेरिकेत अडीचशेहून जास्त माणसं मेल्याची सरकारी नोंद झाली, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. टायरच्या रचनेत दोष होता हे सरकारी तपासात निघालंच. पण फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय हवा सांगितली होती आणि टायर कंपनीचा सल्ला नंतर ३० चा होता, हेही जगासमोर आलं. हवा कमी असली की गाडी मऊ चालते, टायर मात्र तापतो. गाडी बनवणारा आणि टायर बनवणारा एकाच रबराकडे किती वेगवेगळ्या नजरेने बघतात, याचं इतकं महागडं उदाहरण दुसरं नाही. २००१ मध्ये त्या दोन कंपन्यांचा जवळपास शतकभराचा व्यवहार तुटला.

टायर बदलण्याआधी जुन्या टायरचा अपराध खरा आहे का, हेही बघावं. एका बाजूने खाल्ला असेल तर दोष अलाइनमेंटचा. दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी होती, मधोमध झिजला असेल तर जास्त. अशा गाडीला कितीही उंची टायर घाला, तोही तसाच खाल्ला जाणार.

आता रुंदीकडे येतो, आणि तिथे एका माणसाची ओळख करून दिलीच पाहिजे. वॉल्टर हॉर्न हे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नासाच्या लँग्ली केंद्रात विमानांच्या चाकांवर काम करायचे. ओल्या धावपट्टीवर विमानं ब्रेक लागत नसल्यासारखी पुढे का घसरतात, हा त्यांचा प्रश्न. रॉबर्ट ड्रेअर यांच्याबरोबर १९६३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या टिपणात उत्तर आहे, आणि ते विलक्षण साधं आहे. टायरपुढच्या पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही, की ते पाचरीसारखं टायरखाली घुसतं आणि चाक उचलून धरतं. हे कोणत्या वेगाला होईल ते प्रामुख्याने टायरमधल्या हवेवर ठरतं: पीएसआयमधल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याला १०.३५ ने गुणा, मैलांत वेग मिळेल. आपल्या मोटारीला लावून बघा. ३२ पीएसआय हवा असेल तर ताशी सुमारे ९४ किलोमीटर. महिनोन्महिने न तपासल्यामुळे ती २४ वर आली असेल तर सुमारे ८२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना १०० ची मुभा आहे, समृद्धीवर १२० ची. हे सूत्र विमानाच्या टायरवरून आलेलं आहे आणि पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त साचलं असेल तेव्हाचं आहे. नक्षी खोल असेल तर मोटारीला थोडी जास्त सवलत मिळते, गोटा टायरला ती मिळत नाही. तरी जुलैतल्या एका सरीनंतर उजव्या लेनमध्ये जे तळं साचतं, त्याला हे सूत्र अगदी चपखल लागू पडतं. पंपावर फुकट मिळणारी आठ पीएसआय हवा ताशी बारा किलोमीटरची सुरक्षितता देते, हे मला नव्या टायरच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटतं.

हॉर्न तिथे थांबले नाहीत. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी टायरचा जमिनीला टेकणारा ठसा किती लांब आणि किती रुंद, हेही हिशेबात घेतलं. इथे दुकानदाराचा सल्ला कोसळतो. टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि हवा यांवर ठरतं. रुंद टायर घातला म्हणून ते फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबुळका असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आडव्या ठशाला एका क्षणात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि पाणी कापून झाल्यावर मागे उरणारी कोरडी पकडही आखूड होते. कोरड्या वळणावर रुंद टायर घट्ट वाटतो हे खरं आहे आणि रुंदीचे पुरस्कर्ते तेच सांगतात. शर्यतीच्या गाड्यांचा दाखलाही देतात. पाऊस लागला की त्याच गाड्यांना खोल खाचांचे वेगळे टायर चढवतात, हे मात्र सांगायचं राहतं. शिवाय रुंद टायरबरोबर रिमही मोठी घेतली, की चाकाची उंची जपण्यासाठी साइडवॉल कमी करावी लागते, आणि खड्डा झेलते ती साइडवॉलच. कोल्हापूर असो की कल्याण, ती कमी करणं म्हणजे रिम वाकवायचं निमंत्रण. अपवाद एकच मानतो: त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच मोठं माप दिलेलं असेल तर. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ असतात. रिमसकट दोन्ही चाकांचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच येतो, स्पीडोमीटर बिघडत नाही. त्यापलीकडे गेलात तर ते दिसण्यासाठी आहे, एवढं स्वतःशी कबूल करावं.

राहिला मायलेजचा आक्षेप, आणि तो हलका नाही. जास्त पकडीचा टायर थोडं जास्त इंधन पिणार. वर सांगितलेल्या अमेरिकी अहवालानुसार टायरचा धावण्याचा विरोध दहा टक्क्यांनी बदलला तर मायलेज एक ते दोन टक्क्यांनी बदलतं. समजा नवा टायर वीस टक्क्यांनी जास्त अडतो, गाडी लिटरला १८ देते आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर धावते. मग वर्षाकाठी १३ ते २७ लिटर पेट्रोल जादा लागेल, म्हणजे आजच्या भावाने साधारण चौदाशे ते पावणेतीन हजार रुपये. हा खर्च खरा आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. ताशी ८० च्या वेगाने ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ मिळाला तर गाडी साधारण ३६ मीटरवर थांबते, ०.५ मिळाला तर ५० मीटरवर. या चौदा मीटरमध्ये मोटारीच्या तीन लांबी मावतात. शिवाय झिजलेला टायर नव्यापेक्षा सहज धावतो, त्यामुळे नवे टायर टाकल्याबरोबर मायलेज पडलं म्हणून बोंब मारण्यात तुलना जुन्या गुळगुळीत टायरशी चाललेली असते, नव्या असतानाच्या त्याच टायरशी नाही.

तर मग ओल्यावरची पकड दुकानात ओळखायची कशी? इथे राग टायर कंपन्यांपेक्षा सरकारचा येतो. एआयएस-१४२ या मानकाने ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना धावण्याचा विरोध, ओल्यावरची पकड आणि आवाज अशा तिन्ही कसोट्या लावल्या.  म्हणजे टायरची ओल्या रस्त्यावर चाचणी होते आणि आकडा कागदावर येतो. गिऱ्हाइकाला मात्र कळतं ते फक्त किमान पातळी ओलांडली एवढंच. तारे छापले जातात ते इंधनबचतीचे. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल आहे आणि त्यावर इंधन व ओली पकड शेजारी शेजारी असतात. वरच्या आणि खालच्या श्रेणीत ताशी ८० वरून थांबताना १८ मीटरपर्यंत फरक पडतो असं तिथे ग्राहकाला सरळ सांगितलं जात होतं. चार महिने पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या माणसाला पेट्रोलचे तारे दाखवायचे आणि ब्रेकचे झाकून ठेवायचे, याला काय म्हणावं? तोवर आधार टायरच्या कडेलाच शोधावा लागतो. अमेरिकेतही विकल्या जाणाऱ्या अनेक टायरवर ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असं अक्षर असतं. ते ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेलं असतं. ए किंवा एए असेल तर घ्यावा. शेजारचा ‘ट्रेडवेअर’चा आकडा कंपनीच देते, त्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नये, पण एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तो फार मोठा असेल, तर ते रबर टिकण्यासाठी आहे, धरण्यासाठी नाही, असा अंदाज बांधता येतो. युरोपातली श्रेणी शोधून त्याच नावाचा टायर इथे घेणारे हुशार लोकही असतात, पण इथल्या कारखान्यात बनलेल्या त्याच नावाच्या टायरचं मिश्रण तेच असेल याची खात्री नाही.

बजेट दोनच टायरचं असेल तर फिटिंगच्या वेळी उभं राहून नवी जोडी मागे लावून घ्यावी. आपल्याकडे बहुतेक मोटारींची पुढची चाकं ओढतात, म्हणून दुकानदार सवयीने नवे टायर पुढे लावतो. पण ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलल्यावर बरेचदा सावरते. मागचे सुटले तर गाडी गर्रकन फिरते आणि रोजच्या चालकाला ती सावरत नाही. जुनी जोडी पुढे आणताना तिची नक्षी मोजावी. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पाण्यासाठी तीन मिलिमीटरखालचा टायर संपलाच असं धरावं, आणि ते मोजमाप मे महिन्यात करावं.