वाढलेली ताकद आणि गिअरबॉक्स

मे महिन्यात कडोदऱ्याजवळ मुंबई–अहमदाबाद महामार्ग चांगलाच तापतो. टर्बो बसवून ताकद वाढवलेली गाडी तिथे जोरात पळवायची, तर इंजिनाइतकीच काळजी गिअरबॉक्सची घ्यावी लागते.

टॉर्क वाढला की गिअरच्या दातांवरचा दाब वाढतो. रोजच्या गाडीतले तिरप्या दातांचे गिअर आवाज कमी करतात, पण शाफ्टला लांबीच्या दिशेनेही रेटतात. त्या ताणाने केसिंग किंचित वाकलं, तर दात नीट जुळत नाहीत आणि तुटतात. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत बहुधा सरळ दातांचे गिअर असतात. ते मोठ्याने किंचाळतात, तरी हा रेटा टळतो. दात बळकट करण्यासाठी त्यांवर बारीक छऱ्यांचा मारा केला, तर मुळाशी भेग पडायला वेळ लागतो.

घर्षणात वाया गेलेली शक्ती तेल तापवते. तेल फार पातळ झालं की दातांमधला त्याचा थर तुटतो. त्यावर उपाय म्हणून छोटा पंप आणि कूलर लावतात. थंड झालेलं तेल थेट दातांवर फवारलं, तर उत्तम.

तेल मात्र कंपनीने सांगितलेलंच घाला. ‘जीएल-४’ दर्जाच्या गिअर तेलाच्या जागी ‘जीएल-५’ ओतलं, तर त्यातलं जास्तीचं गंधकयुक्त रसायन गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतं.