गडग्याची साक्ष

अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाट वसले आहे. तेथील संत्र्यांच्या बागा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु बागा मागे टाकून डोंगराकडे निघाले, की पायांखाली काळे दगड लागू लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हारस थिजून हा पाषाण बनला.

अशा जमिनीत नांगर चालवायचा, तर आधी दगड वेचले पाहिजेत. पण वेचलेले दगड टाकावयाचे कोठे? शेतकरी ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या सीमेवर, रचीत आला. चुना किंवा सिमेंट न वापरता रचलेल्या या दगडी कुंपणाला गडगा म्हणतात.

गडगा रचणे ही एक कला आहे. तळाशी मोठे दगड बसवितात. दोन्ही अंगांनी दगडांचे थर चढवून मधली पोकळी लहान दगडांनी भरतात. खालच्या दोन दगडांमधील सांधा वरच्या दगडाने झाकला जातो. अधूनमधून एक लांब दगड आरपार घालतात. उतारावरील पाणी फटींतून निघून जाते. माती मात्र अडून राहते.

शेत ओस पडले, त्यावर रान माजले, तरी गडगा टिकतो. दाट झाडीत सरळ रेषेत दगड दिसले, तर समजावे की येथे पूर्वी कोणीतरी राबत होते. निसर्ग दगड असे ओळीने रचीत नाही. आयर्लंडमध्ये १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या शाळामास्तरांना जळणासाठी दलदलीतील माती कापताना खोलवर दगडांचे ढीग आढळले. पुढे त्यांच्या मुलाने शोध घेतला, तेव्हा ती हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांची कुंपणे ठरली!

२०१८ मध्ये युनेस्कोने युरोपातील आठ देशांची ही कोरडी रचाई मानवजातीचा वारसा म्हणून गौरविली. आपला गडगा मात्र पुष्कळदा अडगळ ठरतो. यंत्राने तो घटकाभरात सपाट होतो. पण त्याबरोबर उताराची माती अडविणारा आधार जातो आणि पूर्वजांच्या श्रमांची साक्षही पुसली जाते.

मुलांनो, शिवारात गडगा दिसला, तर क्षणभर थांबा. त्यातील प्रत्येक दगड कोणीतरी वाकून उचलला आहे, हे विसरू नका.