ऋण दाबाने भरणारी जखम

भातशेतीच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत शेतकरी व शेतमजूर दिवसभर बांधीतील चिखलात राबतात. त्या काळात जखम चिघळण्याचा तसाच सर्पदंशाचाही धोका असतो. सर्पविषाने मांस सडल्यास किंवा मधुमेहामुळे पायाची जखम भरून न आल्यास प्रसंगी पाय गमवावा लागतो. अशा जखमा भरून आणण्यास साहाय्यभूत ठरणारी पद्धती म्हणजे ऋण दाब उपचार होय.

अमेरिकेतील डॉ. लुई आर्जेंटा व मायकेल मोरिक्वास यांनी १९९७ मध्ये या पद्धतीविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. प्रथम शल्यचिकित्सक मृत मांस काढून जखम स्वच्छ करतात. नंतर तीत निर्जंतुक स्पंज बसवून वर हवाबंद पारदर्शक पापुद्रा चिकटवतात व नळीने शोषण यंत्र जोडतात. आतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा साधारणतः पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरने कमी राखला जातो. त्यामुळे स्राव बाहेर पडतो, सूज उतरते व जखमेच्या कडा जवळ येतात. सतत पडणाऱ्या ताणामुळे पेशींची वाढ होऊन लाल मांसांकुर धरू लागतात. पट्टी दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. पुढे जखम भरून येते किंवा तीवर त्वचारोपण करता येते.

मात्र हा घरगुती उपाय नव्हे. रक्तवाहिनी उघडी पडलेल्या किंवा कर्करोगाच्या जखमेवर तो वर्ज्य आहे. सर्पदंशावर तुंबडी लावणे अथवा तोंडाने विष शोषणे तर घातकच. जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जखम अंगावर न काढता वेळीच रुग्णालय गाठणे, हाच पाय वाचविण्याचा पहिला उपाय होय.