दिवसा नाणी, रात्री तारे

बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र नाणी पारखण्याचं काम करत. मॅट्रिकला तीनदा नापास झाल्यामुळे त्यांचं शिक्षण तिथेच थांबलं होतं. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला. त्यांनी तो रोज पाहिला, टिपणं काढली आणि पुढे पदरमोड करून तीन इंची दुर्बीण मागवली. जून १९१८मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा झळकला, तेव्हा तो स्वतंत्रपणे हेरणाऱ्यांत चंद्र होते. त्यानंतर रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांची चमक कमीजास्त होते असे तारे, पाहणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी तिला ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं पाठवली.

संघटनेने त्यांना वापरायला सहा इंची दुर्बीण पाठवली होती. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आली. बाप्पूंचे वडील हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत नोकरीला होते, आणि बाप्पूंनाही रूपविकारी ताऱ्यांचा नाद विद्यार्थिदशेतच लागला होता. तामिळनाडूतली कवलूरची वेधशाळा त्यांनी उभारली आणि १९७९मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले. नोकरदार हौशी माणूस आणि नामवंत शास्त्रज्ञ एकाच दुर्बिणीतून पाहतात, हे खगोलशास्त्रात नवल नाही. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मोजका असतो आणि त्यांना एका वेळी आकाशाचा छोटासा तुकडाच दिसतो. एखाद्या ताऱ्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची तर हौशी निरीक्षकच लागतात.

हे काम नुसत्या डोळ्यांनीही सुरू करता येतं. हिवाळ्यात मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी हा असाच रूपविकारी तारा पाहावा. त्याच्यापेक्षा किंचित तेजस्वी असा प्रश्वा (प्रत ०.४) आणि किंचित मंद अशी रोहिणी (प्रत ०.९) शोधावी. काक्षी या दोघांच्या मधोमध वाटला तर त्याची प्रत साधारण ०.६ ते ०.७ धरायची. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; तिचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. दोन पथ्यं मात्र पाळायला हवीत. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, कारण तो हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो. आणि तुलनेचे तारे क्षितिजापासून शक्यतो सारख्याच उंचीवर असावेत, कारण खालच्या ताऱ्याचा प्रकाश जास्त हवेतून येतो आणि मंदावतो. तारीख, वेळ आणि अंदाज वहीत लिहिला की निरीक्षण पुरं झालं. २०२०च्या फेब्रुवारीत काक्षी १.६ प्रतीपर्यंत मंदावला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या पदार्थाची धूळ आड आल्याने हे घडलं, असं पुढे संशोधकांनी दाखवलं. पण मृगाचा एक तारा निस्तेज झालाय, हे तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या कुणालाही कळत होतं.

म्हणून पहिल्याच महिन्यात दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये. आधी नक्षत्रं ओळखावीत, मग साधी द्विनेत्री घ्यावी, आणि जाणकारांच्या संगतीत बसावं. पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे आकाश जवळजवळ बंदच असतं. ते महिने वाचनाला द्यावेत.

करिअर करायचं तर वाट वेगळी आणि लांब आहे. आकाश आवडतं एवढ्यावर भागत नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा यांची मनापासून गोडी हवी. बीएस्सी, एमएस्सी, मग पीएचडी, असा हा दहाएक वर्षांचा प्रवास. शाळकरी मुलांसाठी खगोलशास्त्र ऑलिंपियाड आहे. त्याची धुरा मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळतं. पीएचडीसाठी पुण्यातली आयुका आणि एनसीआरए या संस्था देशभरातून विद्यार्थी निवडतात. आयुकाची उभारणी जयंत नारळीकरांनी केली. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून नारायणगावजवळ खोडदला उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एनसीआरए चालवते. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून जगभरचे संशोधक अर्ज करतात.

या तीस अँटेना रोज चालत्या ठेवायला इलेक्ट्रॉनिक्सचे, यंत्रांचे आणि सॉफ्टवेअरचे इंजिनिअर लागतात. भौतिकशास्त्राची पदवी नसलेल्यांना या क्षेत्रात शिरायची ही खरीखुरी वाट आहे, आणि घरात करिअरची चर्चा चालते तेव्हा नेमकी तीच राहून जाते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना तिथे न्यावं, आणि अँटेनासमोर फोटो काढून झाले की तिथल्या इंजिनिअरांना त्यांचं रोजचं काम विचारायला लावावं.